कामाची वेळ बदला, मग दवाखान्याचं बोलू

मंडळी, मे महिना लागला की आपल्या विदर्भात सरकारी दवाखान्यांत उष्माघाताच्या खाटा लागतात, कूलर बसतात. लागायलाच पाहिजेत. पण माझं स्पष्ट मत आहे, हा पेशंट तयार होतो आपल्या वावरात, आणि तिथली कामाची वेळ कलेक्टर ठरवत नाही, आपण ठरवतो.

पऱ्हाटी उपटायला, धसकटं वेचायला बाया येतात दहा-अकराला, सुट्टी पाचला. म्हणजे नेमका तापायचा वेळ. बरं, हवामान खात्याचा 44 अंशांचा आकडा हा सावलीतल्या, हवेशीर पांढऱ्या पेटीतला असतो. उघड्या काळ्या रानात वाकून धसकटं वेचणाऱ्या बाईला बसणारी झळ त्याहून कितीतरी जास्त.

"त्यांनाच सकाळी जमत नाही" असं आपण म्हणतो. खरं आहे. सकाळी नळ येतो, पाणी भरायचं, स्वयंपाक, शेणपाणी, सगळं बाईवरच. म्हणून नुसतं "लवकर या" म्हणून भागत नाही. उन्हाळ्यापुरता नळ संध्याकाळी सोडा, हे ग्रामसभेत आपणच मांडलं पाहिजे. मी दोन उन्हाळे झाले सकाळी 6 ते 11 काम ठेवतो, मजुरी पूर्ण दिवसाची. काम थोडं कमी होतं, खोटं कशाला बोलू. पण दुपारी एकनंतर किती काम होतं ते धुऱ्यावरच्या झाडाखाली बसून नाही, तासात उभं राहून बघा. शेजारचे म्हणतात, तू मजुरीचे भाव बिघडवले. बिघडवले तर बिघडवले.

आता एखादी बाई पडलीच तर. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा मोठा गैरसमज आहे. कष्टाच्या कामात अंगाला घाम असतानाही उष्माघात होतो. बरळणं, माणूस न ओळखणं, तोल जाणं, झटके येणं, ही खरी खूण. अंगातली उष्णता 40 सेल्सिअसच्या, म्हणजे 104 फॅरनहाइटच्या वर गेलेली असते आणि तापाची गोळी त्यावर चालत नाही. एकाने 108 ला फोन लावायचा, बाकीच्यांनी सावलीत नेऊन डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतायचं, ओलं लुगडं टाकून वारा घालायचा. पहिला अर्धा तास सोन्याचा. ट्रॅक्टर शोधत बसण्यात तोच जातो. दुपारी मोटारीची लाइन असेलच याचा भरवसा नाही, म्हणून एक ड्रम भरून झाडाखाली ठेवाच. शुद्ध नसेल तर पाणी, पन्हं, काहीही तोंडात ओतू नका, श्वासनळीत जातं. कांदा चोळायचा तर नंतर चोळा.

दवाखान्यात "चक्कर आली" एवढंच सांगितलं तर केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं. किती वाजता, कोणत्या कामावर, बरळत होती का, किती पाणी ओतलं, सगळं सांगा. आधीच थंड केलेल्या पेशंटचा ताप तिथे कमी भरतो, डॉक्टरांना मागचं कळणार कसं? त्या दिवशी फवारणी झाली असेल तर औषधाची बाटली सोबत न्या. विषबाधेतही घाम आणि बरळणं असतं, इलाज मात्र वेगळा. आणि कागदावर उष्माघात आलाच नाही तर आपल्या तालुक्यात तो होतच नाही, असंच वर जातं.

रोहयोच्या कामावर सावली, प्यायचं पाणी आणि प्रथमोपचार पेटी कायद्यानेच द्यावी लागते. आपल्या वावरात हे विचारायला कोणी येत नाही. कृषी सहाय्यक साहेबांना एक विनंती, पेरणीपूर्व बैठकीत बियाण्यासोबत पाच मिनिटं यावरही बोला.

तुमच्या गावात सकाळच्या पाच तासांची मजुरी किती धरतात, तेवढं कळवा. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात भाव ठरवायला बसायचं आहे.