हिंजवडी परिसरातील रुग्णालयांत नावपट्टी, पदनाम व गणवेशाबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे.

विषय : आरोग्य कर्मचाऱ्यांची नावपट्टी, पदनामाने संबोधन व गणवेश याबाबत रुग्णालयांना लेखी सूचना देण्याबाबत.

महोदय,

आम्ही हिंजवडी, माण व मारुंजी येथील खासगी रुग्णालयांत काम करणारे परिचारिका, परिचारक, फिजिओथेरपिस्ट आणि लॅब टेक्निशियन आहोत.

आयटी पार्कमुळे या भागाची वस्ती वाढली, तशी रुग्णालयेही वाढली. आमच्या वॉर्डात कंपनीतला इंजिनिअर, परप्रांतातून आलेला बांधकाम मजूर आणि नेरे-कासारसाईचा शेतकरी शेजारी-शेजारी असतात. तिघांनाही पांढरा ॲप्रन म्हणजे डॉक्टर वाटतो. प्रत्यक्षात त्या ॲप्रनमध्ये आहारतज्ज्ञ असतो, कधी विमा विभागाचा कर्मचारीसुद्धा. याहून गंभीर बाब म्हणजे, नर्सिंगचे शिक्षण न घेतलेल्या मुलींना काही ठिकाणी नर्सचा गणवेश देऊन इंजेक्शनपर्यंतची कामे करायला लावली जातात. त्या मुलींचा यात दोष नाही. पण तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली परिचारिका आणि त्या यांतला फरक रुग्णाला कळलाच पाहिजे.

दुसरा प्रश्न आमच्या आपसातल्या वागणुकीचा आहे. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनाही आम्ही सर-मॅडम म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मात्र वॉर्ड सांभाळता सांभाळता केस पिकलेल्या परिचारिकेला रुग्णादेखत ‘ए सिस्टर’ अशी हाक येते. मदतनिसांना मामा-मावशी म्हणतात, त्या आपुलकीला आमचा आक्षेप नाही, एकेरीला आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये आपल्या रुग्णालयांत स्टाफ नर्सऐवजी नर्सिंग ऑफिसर हे पदनाम दिले. आमच्याकडे ते अजून पोहोचलेले नाही. हा केवळ मानाचा विषय नाही. ज्याला कोणी नावाने ओळखत नाही, तो चुकीचा डोस डोळ्यांसमोर दिसला तरी बोलायला कचरतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी सूचीत, चिरा देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे नमूद आहे. सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट यांनी 2017 मध्ये ऑपरेशन थिएटरमधल्या आपल्या टोपीवरच नाव आणि काम लिहिले. मास्कमागचे चेहरे ओळखण्याचा इतका स्वस्त उपाय आपल्याकडेही करता येईल.

‘डॉ.’ या उपाधीवरून सहकाऱ्यांत कटुता आहे, हेही आपल्यापासून लपवत नाही. 9 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ही उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. तो वाद दिल्लीत सुटेल तेव्हा सुटो. नावाखाली व्यवसाय मराठीत ठळक अक्षरांत लिहिला, तर रुग्णाची फसगत आजच थांबेल, आणि याला आमच्यातल्या फिजिओथेरपिस्टांचीही संमती आहे.

त्यामुळे आमची मुख्य मागणी ही आहे की, नाव, शिक्षण व पद लिहिलेली मराठी नावपट्टी डॉक्टरांपासून सफाई कर्मचाऱ्यांपर्यंत सर्वांना सक्तीची करावी. प्रत्येक पदाच्या गणवेशाचा रंग वेगळा ठरवून त्याचा तक्ता रुग्ण हक्क सनदेशेजारी लावायला सांगावे. अप्रशिक्षित व्यक्तीला नर्सचा गणवेश देणाऱ्यांवर कारवाई व्हावी. कामाच्या ठिकाणी सर्वांना नाव किंवा पदनामाने, आदरार्थी हाक मारावी, असे परिपत्रक काढावे. गणवेश रुग्णालयाने द्यावा, तिथेच धुण्याची सोय करावी, त्याचे पैसे पगारातून कापू नयेत. सोय झाली की ॲप्रन घालून चौकातल्या टपरीवर चहाला जाण्यावर बंदी घालावी. ती आम्ही स्वतः पाळू.

शुश्रूषागृह नोंदणीच्या नूतनीकरणावेळी या बाबी तपासाव्यात आणि आमच्या प्रतिनिधींना या महिन्यातच भेटीची वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
हिंजवडी परिसरातील आरोग्य कर्मचारी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)