उंदराची साखर उतरली म्हणून

जांभळं संपली की मामी बिया धुऊन सुपात वाळत घालायची, खलबत्त्यात कुटायची आणि वस्त्रगाळ करून बरणीत भरायची. मामा रोज चमचाभर ताकातून घ्यायचे. तिथवर काहीच बिघडलं नव्हतं. मग बाजारात कुणीतरी सांगितलं, ‘हे आता प्रयोगशाळेत सिद्ध झालंय’, आणि मामांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी पायात बाभळीचा काटा मोडला, तो त्यांना कळलाच नाही. चप्पल ओली लागली म्हणून त्यांनी खाली पाहिलं.

मला खोडायचा आहे तो हा ‘सिद्ध’ शब्द.

जांभूळ, मेथी, सीताफळ यांच्या बियांच्या अर्काने उंदरांची रक्तशर्करा उतरल्याचे निबंध आहेत. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण तो उंदीर मधुमेही झाला कसा? त्याला बहुधा अ‍ॅलॉक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी काही दिवसांत मरतात. मामांच्या शरीरात इन्सुलिन होतं, ते लागू पडत नव्हतं, आणि हे पंधरा वर्षं मुरत आलेलं दुखणं होतं. उंदरावरचा प्रयोग बहुतेकदा तीन-चार आठवड्यांत आटोपतो. तेवढ्यात डोळ्यांचं, मूत्रपिंडाचं, पायांचं काय होणार ते दिसत नाही.

मात्रेचा हिशेबही कुणी करत नाही. अशा प्रयोगांत रॅट जातीच्या उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क देणं नेहमीचं. माणसासाठी तो आकडा ६.२ ने भागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज १.९ ग्रॅम अर्क. बियांतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर चूर्ण झालं १९ ग्रॅम. मामांच्या चमच्यात फार तर तीन ग्रॅम बसत होतं. शिवाय अर्क पुष्कळदा अल्कोहोलमधून काढलेला असतो. ताकातलं चूर्ण म्हणजे तो अर्क नव्हे.

‘झाडपाला आहे, अपाय तर नाही ना?’ हे बीडच्या माणसाने तरी म्हणू नये. आपल्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच फळाची बी वाटून आपल्या आज्या उवांसाठी केसांना लावायच्या आणि डोळ्यांवर फडकं घट्ट बांधायच्या. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवा मारणारी बी साखरेसाठी पोटात घ्या म्हणणाऱ्याने आधी तिच्या विषाचा हिशेब द्यावा. आणि साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडच्या गोळीवर चूर्ण घेऊन त्याने खरोखरच साखर उतरली, तर? उपाशीपोटी उसाच्या फडात कोयता चालवणारी बाई तिथेच भोवळ येऊन पडेल.

हे वाचून ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. त्यातलं गॅलेजीन साखर उतरवायचं, पण विषारी ठरलं म्हणून मागे पडलं. त्याच्या नात्यातलं मेटफॉर्मिन १९५७ साली फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी माणसांवर वापरून दाखवलं, तेव्हा ते औषध झालं. मेथीचंही तसंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तेल काढलेल्या मेथीची पूड रोज १०० ग्रॅम रुग्णांना देऊन पाहिली, त्याचा निबंध १९९० साली आला. साखर उतरली, पण मात्रा चमचाभर नव्हती.

म्हणून माझं मागणं अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे. जांभूळबी माणसांवर तपासा. रुग्णांच्या गोळ्या चालू ठेवा, निम्म्यांना चूर्ण द्या, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी पूड, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी दोनदा करा. सुरुवात एप्रिल-मेमध्ये करा. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, तेव्हा दुसऱ्या चाचणीला माणूस सापडणार नाही.

मामी अजूनही बिया वाळवते. बरणीशेजारी आता मामांच्या गोळ्यांचा डबा असतो.