सगळीच गाणी कशी जमतील राव?

'इंडियन ओशन'चा '१६/३३० खजूर रोड' लावला की हॉस्टेलचे पोट्टे म्हणतात, "'कंदिसा'ची मजा नाही बे!" आणि गाणं पुढं ढकलतात. दिल्लीतल्या जुन्या बंगल्याचा हा पत्ता. बँडचा सराव तिथंच चालायचा. २०१० मध्ये त्यांनी यातली सात गाणी महिन्याला एक अशी फुकट दिली. 'शून्य' मलाही अजून पचलेलं नाही. पण २००० चा 'कंदिसा' पुन्हा काढणं सोपं होतं, ते त्यांनी टाळलं. शिवाय डिसेंबर २००९ मध्ये गेलेल्या असीम चक्रवर्तींचा आवाज यात आहे. 'चांद' पूर्ण ऐका तरी! आपल्याकडे गॅदरिंगला अमरावतीचा बँड असो की अकोल्याचा, दुसऱ्यांचीच गाणी वाजवतो. यंदा एक स्वतःचं वाजवा ना. फसलं तरी शिट्ट्या आमच्याकडून.