कपाळच फितूर होतं, त्याचं काय?

मा. औषध महानियंत्रक, भारत सरकार, आणि डोकेदुखीवरच्या औषधांच्या चाचण्या घेणारे डॉक्टर यांस,



अर्धशिशीवर बोटॉक्स घ्यावं का, असं विचारलं की आम्हा रुग्णांना ठरलेलं उत्तर मिळतं: अमेरिकेत मान्यता आहे. आहे, ऑक्टोबर 2010 पासून. पण ती कशाच्या बळावर मिळाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

'प्रीएम्प्ट' नावाच्या दोन चाचण्यांच्या बळावर. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखणारे 1384 जण, त्यात बहुतेक बायकाच. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे मिळून किमान 31 ठिकाणी सुई, दर 12 आठवड्यांनी. साधारण निम्म्यांना औषध, बाकीच्यांना नुसतं सलाईन. 24 आठवड्यांनी औषधवाल्यांचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला सरासरी 8.4 ने घटले, सलाईनवाल्यांचे 6.6 ने. फरक दोन दिवसांचाही नाही. अर्थात, महिन्यातले वीस दिवस अंधाऱ्या खोलीत काढणाऱ्याला तेवढेही हवेच असतात.

माझा आक्षेप दुसराच आहे. बोटॉक्स टोचल्यावर थोड्याच दिवसांत कपाळ ताठ होतं. आरशासमोर भुवया उंचावल्या आणि आठी पडली नाही, की सुईत काय होतं ते रुग्णाने ओळखलंच. आणि डोकं किती दिवस दुखलं, हे डायरीत लिहिणारा तोच! मग त्याची आशा किंवा निराशा त्या आकड्यांत उतरणार नाही कशावरून?

 

म्हणून आपल्याकडे अशी चाचणी होईल तेव्हा शेवटी प्रत्येकाला विचारा: तुम्हाला औषध मिळालं की पाणी? ओळखलेल्यांचे आणि न ओळखलेल्यांचे निकाल वेगवेगळे छापा. दवाखान्यात सुई भरण्याआधी 8.4 आणि 6.6 हे वरचे दोन आकडे रुग्णाच्या हाती मराठीत द्या. ज्यांचं डोकं महिन्यातून चार-पाच दिवसच दुखतं, त्यांना या औषधाचा फायदा दिसलेला नाही, हेही त्यात असू द्या.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 2012 पासून नियम आहे: आधी निदान तीन प्रतिबंधक औषधं करून पाहायची, बोटॉक्सच्या दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस 30 टक्के कमी झाले नाहीत, तर ते थांबवायचं. टोचणं कधी थांबवायचं, याचा असाच लेखी नियम आपण इथेही करावा, ही विनंती.

आपली,
अर्धशिशीची एक जुनी रुग्ण