ड्रायव्हर आला नाही, गाडी रद्द: पीएमपीत बदली माणूस जातो कुठं?

हडपसरहून सासवडला येणारी पीएमपीची रात्रीची खेप रद्द झाली, की थांब्यावरची माणसं ड्रायव्हरला शिव्या घालतात. 'दांडी मारली असेल,' म्हणतात. मारलीही असेल. पण एक माणूस आला नाही म्हणून अख्खी गाडी उभी राहते, यात त्या माणसाचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती?

बसला माणूस मिळवणं सोपं नाही, हे आधी मान्य करू. ड्रायव्हरला अवजड प्रवासी वाहनाचं लायसन आणि बॅज लागतो. कंडक्टरचं लायसन वेगळं, बॅज वेगळा. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. ठेक्याच्या गाड्यांवर तर ड्रायव्हर ठेकेदाराचा आणि कंडक्टर पीएमपीचा. दोन मालकांची दोन माणसं एकाच वेळी हजर पाहिजेत, एक चुकला तरी गाडी डेपोत.

अशा वेळी हातातला उपाय म्हणजे सकाळपाळीवाल्यालाच थांबवून डबल ड्युटी. मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यानं दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही साधारण मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट पगार सांगितला. पैसे मिळतील हो, पण पहाटेपासून गाडी हाकलेला माणूस रात्री दिवे घाट चढवणार, आणि आत आपली पोरंबाळं बसलेली.

काही ठिकाणी कामगार आपसांत पाळी बदलतात, आपल्याकडं शेतात सावड करतात तशी. आज तू माझं कर, उद्या मी तुझं. चांगली पद्धत आहे, पण रजिस्टरला नोंद पाहिजे. नोंद एकाची आणि गाडीवर दुसरा असताना अपघात झाला, तर भरपाईचं घोंगडं भिजत पडतं.

खरा उपाय राखीव माणसांचा. त्यासाठीच पीएमपीत 'बदली हंगामी' ड्रायव्हर-कंडक्टर आले. यात आपल्या तालुक्यांतली पोरंही आहेत. पण जो दुसऱ्याची गैरहजेरी भरून काढायला घेतलाय, त्यालाच काम रोजावर. हजेरी लागली तर पगार, नाहीतर नाही. 2018 च्या फेब्रुवारीत, तुकाराम मुंढे पीएमपीचे प्रमुख असताना, सतत गैरहजर राहतात म्हणून दीडशेहून अधिक बदली ड्रायव्हरांना घरी पाठवलं होतं. गैरहजेरीवर इलाज म्हणून ठेवलेली माणसंच गैरहजर! शिस्त पाहिजेच, पण भरवशाचा पगार नसला की भरवशाचा माणूसही टिकत नाही, हे आम्हाला खुरपणीच्या मजुरांवरून कळतं.

बदलीवर असलेल्या पोरांनी एक ध्यानात ठेवावं. '240 दिवस भरले की आपोआप कायम' असं गावात सर्रास सांगतात. सरकारी, निमसरकारी ठिकाणी मंजूर जागा नसेल तर नुसत्या दिवसांवर कायम होता येत नाही, असं कोर्टांनी अनेकदा सांगितलंय. मात्र कायमचे हक्क द्यायला लागू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी ठेवणं, ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानं अनुचित प्रथा ठरवली. म्हणून प्रत्येक दिवसाच्या हजेरीचा पुरावा जपा.

आणि गैरहजेरी काही अचानक येत नाही. लग्नसराई, गावची जत्रा, पेरणी, दिवाळी, सगळं कॅलेंडरवर असतं. डेपोनं दोन महिने आधी रजा मागवून राखीव माणसं ठरवली तर निम्मी ओढाताण वाचेल असं माझं मत. तसं होत नाही, आणि त्याचा फटका गावाला जास्त बसतो. शहरात एक खेप गेली तर मागून दुसरी येते. इकडं शेवटची गेली की मुक्काम नाहीतर वडाप.

माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर हे विचारता येतं: गेल्या तीन महिन्यांत आपल्या मार्गावरच्या किती खेपा ड्रायव्हर किंवा कंडक्टर नसल्यानं रद्द झाल्या, आणि त्या डेपोत रोज राखीव माणसं किती होती. उत्तराची मुदत 30 दिवस. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी अर्ज करायला हरकत नाही, आलेलं उत्तर आम्ही इथं छापू.