छापील पाऊच परवडतो का? हळद विकणाऱ्या गटांनी आधी खप मोजावा

हिंगोली जिल्ह्यात हळदीचं पीक गावोगाव आहे, पण हळद पावडर करून विकणारे अजून मोजकेच. बहुतेक माल हळकुंडाच्या रूपातच वसमत, हिंगोलीच्या मार्केट यार्डात जातो. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीच प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून आपल्या वाट्याला हळद आली होती. त्यामुळे काही बचत गट, शेतकरी कंपन्या आणि घरगुती चक्कीवाले आता दळून, पॅक करून विकायच्या मागे लागलेत. चांगलीच गोष्ट आहे. मात्र चक्की, कच्चा माल आणि परवाना यांचा हिशोब मांडून झाला, की एक खर्च अचानक समोर येतो आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. तो म्हणजे पाऊचचा.

पाऊच विकणारा माणूस मोबाईलवर चकचकीत नमुने दाखवतो. "ताई, तुमच्या गटाचं नाव, फोटो, सगळं छापून देतो. वीस हजार नग घ्या, नग पावणेदोन रुपयाला पडेल." ऐकायला स्वस्त वाटतं. साधा कोरा पाऊच आणि वर चिकटवलेलं स्टिकर मिळून चार रुपयांच्या घरात जात असेल, तर पावणेदोन रुपयांत रंगीत छापील पाऊच कोण सोडेल?

इथं थांबून कागद-पेन घ्यायला पाहिजे.

रंगीत छापील पाऊच बहुतेक वेळा सिलिंडरवर छापला जातो. डिझाइनमधल्या प्रत्येक रंगासाठी एक वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. पाच रंग असतील तर पाच सिलिंडर. हा खर्च एकदाच होतो, पण तो बोलण्यात उशिरा येतो. दुसरं म्हणजे छपाईवाला नगावर काम घेत नाही, किलोवर घेतो. मशीन लावलं की ठरावीक किलो फिल्म चालवल्याशिवाय त्याला परवडत नाही. २०० ग्रॅम हळदीचा रिकामा पाऊच साधारण पाच ग्रॅमचा धरला, तर १०० किलो फिल्ममधून २० हजार पाऊच निघतात. म्हणजे वीस हजारांचा आकडा तुमच्या गरजेवरून आलेला नसतो, मशीनच्या सोयीवरून आलेला असतो.

आता आकडे मांडू. हे उदाहरणादाखल धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या कोटेशनचे टाकावेत. एक सिलिंडर साडेतीन हजार, असे पाच, म्हणजे १७,५००. पाऊच जीएसटी धरून १ रुपया ८० पैसे, वीस हजार नगांचे ३६ हजार. एकूण ५३,५००. सगळे वीस हजार पाऊच वापरले गेले तर नग पडला २ रुपये ६८ पैशांना. कोरा पाऊच आणि स्टिकर चार रुपये धरला तर नगामागे १ रुपया ३२ पैसे वाचले. इथपर्यंत पाऊचवाला खरंच बोलतोय.

पण गट महिन्याला किती पाकिटं विकतो? समजा ६०० विकतो. गावात, आठवडी बाजारात, एखाद्या प्रदर्शनात, नात्यागोत्यात मिळून हा आकडा काही वाईट नाही. या वेगाने वीस हजार पाऊच संपायला ३३ महिने लागतात. पावणेतीन वर्षं! स्टिकरवाल्या पाऊचशी नुसती बरोबरी व्हायलाच १३,३७५ नग विकावे लागतात, म्हणजे २२ महिन्यांच्या वर. त्याआधी कुठल्याही कारणानं पाऊच बाद झाले तर छापील पाऊचच महाग पडला. सहा हजार वापरून बाकीचे पडून राहिले, तर नग पडतो जवळपास नऊ रुपयांना.

याउलट महिन्याला दोन हजार पाकिटं हमखास जाणारा उद्योजक ही बरोबरी सात महिन्यांच्या आत गाठतो. त्याने छापील पाऊच जरूर घ्यावेत. एकच पाऊच एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग आहे, फरक फक्त खपाचा.

पाऊच बाद का होतात

पावणेतीन वर्षं काही बदलणार नाही, असं आपल्या धंद्यात कोणी म्हणू शकत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास असलेली हळद पावसाळा सरायच्या आत दुपटीच्या घरात गेली. ज्यांच्या पाऊचवर किंमत छापलेली होती त्यांनी काय केलं असेल, याचा अंदाज करा. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि किंमत वाढवण्यासाठी त्यावर नवं स्टिकर चिकटवणंही नियमात बसत नाही.

नियमही बदलतात. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसार पाकिटावर तयार करणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. २०२२ मध्ये त्यात एकक किंमत, म्हणजे ग्रॅमला किती रुपये, ही ओळ वाढली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. हळद पावडर ५ टक्क्यांवरच राहिली, पण लोणचं, जॅम, फरसाण १२ वरून ५ वर आलं. जुन्या किमतीच्या पाकिटांचं करायचं काय, हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांनाही पडला आणि जुनं पॅकिंग साहित्य वापरायला केंद्राला ३१ मार्च २०२६ पर्यंत सवलत द्यावी लागली. कंपन्यांसाठी सवलत निघते. गटाच्या अध्यक्षाताईंच्या पलंगाखालच्या गठ्ठ्यांसाठी कोण काढणार?

याशिवाय गटाचा पत्ता बदलतो, मोबाईल नंबर बदलतो, अन्न सुरक्षेचा १४ आकडी क्रमांक छापताना एक आकडा चुकतो. सिलिंडरवर कोरलेली चूक दुरुस्त करायची म्हणजे निदान त्या रंगाचा सिलिंडर पुन्हा करायचा.

म्हणून छापील पाऊच घेणाऱ्यांनीही किंमत, तारीख, बॅच नंबर आणि एकक किंमत यांची जागा कोरी ठेवावी आणि तिथं शिक्का किंवा छोट्या हातमशीनने छपाई करावी. वजनसुद्धा कोरं ठेवता आलं तर उत्तम.

भांडवलाचं गणित तर याहून टोचणारं आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत अन्न प्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. ते खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यांसाठी आहे. वरच्या उदाहरणातले ५३,५०० म्हणजे एका सदस्याचं पूर्ण बीज भांडवल आणि वर दुसऱ्या सदस्याचा तिसरा हिस्सा. क्विंटलला १३ हजार भाव धरला तर चार क्विंटल हळकुंड येतं तेवढ्या पैशात. हंगामात भाव पडलेले असताना घेऊन ठेवलेली चार क्विंटल हळद गटाला कमावून देते. पाऊचचे गठ्ठे उंदरांपासून सांभाळावे लागतात.

शिवाय पाऊचवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या उद्योजकाला तो कर विक्रीच्या करातून वजा करता येतो. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत म्हणून नोंदणी न केलेल्या गटाला तो पूर्ण खिशातून जातो. दोन कोटेशनची तुलना करताना कर धरून करावी, नाहीतर फसगत होते.

पैसा छपाईत की थरात?

लवचीक पाऊचच वाईट, असं इथं म्हणायचं नाही. बरणी किंवा डब्यापेक्षा तो वजनाने हलका, जागा कमी खातो, एसटीच्या पार्सलमध्ये फुटत नाही. वीस हजार रिकाम्या बरण्या ठेवायला गोदाम लागेल, तेवढे पाऊच खोलीच्या कोपऱ्यात मावतात. भंगारवाला मात्र हे थराथराचे पाऊच घेत नाही, ते शेवटी उकिरड्यावर जातात किंवा जाळले जातात. हा हिशोब पाकिटाच्या किमतीत कुठंच धरलेला नसतो.

मुद्दा असा, की पैसा कशावर घालायचा. हळदीचा रंग उजेडाने उडतो. पारदर्शक पाऊचमध्ये माल छान दिसतो म्हणून तो घेतला जातो आणि प्रदर्शनाच्या मांडवात चार दिवस उन्हात राहिला की पुढची रांग फिकी पडते. ग्राहक म्हणतो, हळद जुनी आहे. म्हणजे हळदीला आतून चंदेरी थर असलेला, उजेड आणि ओल दोन्ही अडवणारा पाऊच हवा. असे कोरे पाऊच किलोवर किंवा शेकड्यावर मिळतात. त्यावर नीट छापलेलं, ओल्या हाताने न पुसणारं स्टिकर लावलं तर ग्राहकाला काही कमी वाटत नाही.

सीलिंगकडेही असंच दुर्लक्ष होतं. पावडर भरताना तोंडाशी धूळ बसते आणि त्यावरच सील मारलं की ते अर्धवट चिकटतं. आठवड्याने पाकीट पिवळं गळायला लागतं. याला रंगीत छपाई काय करणार? फनेलने भरणं आणि तोंड कोरड्या फडक्याने पुसणं, खर्च शून्य.

मधला मार्ग डिजिटल छपाईचा आहे. त्यात सिलिंडर लागत नाही, हजार-पाचशे नगही छापून मिळतात. नग महाग पडतो, पण पडून राहत नाही. प्रदर्शनासाठी, दिवाळीच्या भेटीच्या पाकिटांसाठी तो ठीक आहे.

खरी बचत मात्र एकत्र येण्यात दिसते. एका गटाला वीस हजार पाऊच तीन वर्षं पुरतात, चाळीस गटांना ते प्रत्येकी पाचशे येतात आणि महिन्यात संपतात. 'उमेद'चे प्रभाग संघ आहेतच. त्यांनी एकच छापील पाऊच काढावा, समोर गटाच्या नावाची चौकट कोरी, मागे परवाना क्रमांक आणि पत्त्याची चौकट कोरी. प्रत्येक गट आपलं स्टिकर लावेल. सिलिंडरचा खर्च सगळ्यांत वाटला जाईल. योजनेत गटांच्या संघांना, शेतकरी कंपन्यांना ब्रँडिंग आणि विपणनासाठी ५० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पॅकेजिंग त्यातच येतं. ही मदत एकट्या-दुकट्या उद्योजकासाठी नाही, समूहासाठी आहे. प्रस्तावासाठी कृषी विभागाच्या जिल्हा संसाधन व्यक्तींकडे जावं लागतं. वैयक्तिक कर्जाच्या ३५ टक्के अनुदानाबद्दल सगळे विचारतात, याबद्दल क्वचितच कोणी.

अशा सामाईक पाऊचवर 'वसमत हळद' हे नाव आणि मानांकनाचं चिन्ह टाकायचं असेल तर पॅक करणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंदणी केलेली असावी लागते. नुसतं वसमतमध्ये पिकलं म्हणून चालत नाही. ही नोंदणी झालेले गट किती, हे प्रभाग संघांनी सिलिंडरची ऑर्डर द्यायच्या आधी बघून घ्यावं.