पेट्रोल वाचवायला गेला अन्...

आमच्या एका सोबत्याने वडिलांची जुनी बुलेट 350 जपून ठेवली आहे. पेट्रोल वाचावे म्हणून त्याने कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत लावली. सुई खाली उतरली, पेट्रोल कमी झाले आणि घाटात इंजिन तापले. प्लग काढला तर पांढराफटक! तसाच रेटला असता तर पिस्टन जाम होऊन महिन्याचा पगार गेला असता.

क्लिप पुन्हा मधल्या खाचेत आणली. गाडी दहा मिनिटे चालवून गरम केली. थंड इंजिनावरचे सेटिंग काही खरे नाही. फिल्टरच्या बाजूचा एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर घेतला. (जोर केला की टोक बिघडते.) मग पाव-पाव आटा फिरवत, इंजिन जिथे सर्वात जलद आणि एकसारखे चालले तिथे थांबलो व आयडलिंग खाली आणले. हा स्क्रू फक्त धीम्या गतीपुरता. घाटातले काम सुईचे आणि मेन जेटचे. तेच पुष्कळांना ठाऊक नसते.

चार दिवसांनी प्लग विटकरी निघाला. ॲव्हरेज मात्र पूर्वीइतकेच, असे सोबती कुरकुरतो.